ऑथेल्लो आणि न विचारलेला प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक कौटुंबिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून मी आजवर मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार या विषयांवर बोललो आहे. माझ्या भाषणानंतर जेवणाच्या पंगतीत आपण गुलाबजाम घेताना माझी नजर चुकविता, हेही मला ठाऊक आहे. यंदा मात्र कार्यकारिणीकडून मी एक वेगळा विषय मागून घेतला. मी साहित्याचा अभ्यासक नाही. नागपूरला वैद्यकीय पदवी घेऊन इंग्लंडात आलेला आणि पंचवीसहून अधिक वर्षे रुग्णसेवा करणारा एक सामान्य डॉक्टर आहे. परंतु रोग्याची नाडी पाहता पाहता माणसाच्या मनाचीही थोडीफार ओळख होत जाते. तेवढ्याच भांडवलावर हे धाडस करीत आहे.

याला निमित्त माझी धाकटी कन्या. ए-लेव्हलला तिला शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ नाटक अभ्यासाला होते. एके रात्री जेवताना तिने मला विचारले, “बाबा, एवढा मोठा सेनापती, आणि एका रुमालावरून बायकोचा जीव घेतो? इतका कसा तो मूर्ख?” मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पण झोप येईना. मी ते नाटक पुन्हा वाचावयास घेतले. ते वाचताना माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक जुनी जखम उघडी पडली. तिच्याविषयी मी ओघाने बोलेनच. आधी नाटकाकडे वळू.

व्हेनिसचा सेनापती, व्हेनिसचा परका

इटालियन लेखक चिंथिओ याने १५६५ साली प्रसिद्ध केलेल्या कथासंग्रहातील एका गोष्टीवरून शेक्सपिअरने हे नाटक रचले. १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या राजवाड्यात त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. कथानक आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ऑथेल्लो हा आफ्रिकी वंशाचा, कृष्णवर्णीय योद्धा. तो व्हेनिसच्या राज्याचा सेनापती आहे. ब्रबान्शिओ नावाच्या सरदाराची कन्या डेस्डिमोना त्याच्यावर अनुरक्त होते आणि दोघे गुपचूप विवाह करतात. ऑथेल्लोचा निशाणबरदार इयागो याला मनातून वाटत असते की दुय्यम सेनापतीची जागा आपल्याला मिळावयास हवी होती. ती कॅशिओ नावाच्या तरुणाला मिळते. त्या जळफळाटातून इयागो ऑथेल्लोच्या मनात संशय पेरतो की डेस्डिमोना आणि कॅशिओ यांचे संबंध आहेत. संशयाने अंध झालेला ऑथेल्लो आपल्या निरपराध पत्नीचा गळा दाबून तिला ठार मारतो आणि सत्य उघड झाल्यावर स्वतःचाही अंत करून घेतो.

कथा एवढीच. पण पहिल्या अंकातील एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. हाच ब्रबान्शिओ विवाहापूर्वी ऑथेल्लोला वारंवार आपल्या घरी बोलावीत असे. त्याच्या लढायांच्या, प्रवासांच्या, शत्रूच्या हाती सापडून गुलाम म्हणून विकला गेल्याच्या कथा तो आवडीने ऐकत असे. घरी बसवून कथा ऐकण्यापुरता ऑथेल्लो त्याला प्रिय होता. मुलीने त्याला वरले हे कळताच मात्र तोच ब्रबान्शिओ राज्यसभेत ओरडून सांगतो की या माणसाने चेटूक केल्यावाचून माझी मुलगी याच्याकडे पाहणेच शक्य नाही! राज्यसभा ऑथेल्लोची बाजू उचलून धरते; पण त्याच रात्री तुर्कांचे आरमार सायप्रसवर चालून येत असते आणि राज्याला या सेनापतीची निकड असते, हे आपण विसरता कामा नये.

मित्रहो, ज्याचे कौशल्य हवे असते पण ज्याच्याशी सोयरीक नको असते, अशा माणसाची स्थिती या सभागृहात कोणालाही विस्ताराने समजावून सांगण्याची गरज नाही.

विष कसे भिनते

इयागो सुरुवातीला थेट आरोप करीत नाही. तिसऱ्या अंकातील तो प्रसिद्ध प्रवेश वाचा. कॅशिओ डेस्डिमोनाशी बोलून निघून जाताना दिसतो. इयागो स्वतःशीच पुटपुटल्यासारखे काही नापसंतीचे बोलतो, आणि ऑथेल्लोने विचारल्यावर ‘छे, काही नाही’ अशा अर्थाची सारवासारव करतो. मग तो ऑथेल्लोचेच शब्द प्रश्नार्थक स्वरात परत उच्चारतो. मध्येच थांबतो. बोलावे की बोलू नये, असा अभिनय करतो. आणि कळस म्हणजे, मत्सरापासून सावध राहा असा उपदेशही तोच करतो! ऑथेल्लोच्या मनात जे चित्र उभे राहते, ते रंगविण्याचे काम इयागोने ऑथेल्लोकडूनच करवून घेतलेले असते.

पण केवळ एवढ्याने काम भागले नसते. इयागो पुढे जो घाव घालतो तो मर्मावर घातलेला आहे. तो सुचवितो की जिने आपल्या बापाला फसविले ती तुम्हालाही फसवू शकेल. आपल्या देशाचा, आपल्या वर्णाचा, आपल्या तोलामोलाचा वर सोडून तिने तुम्हाला निवडले, यातच काही विकृती नसेल कशावरून? याच ठिकाणी ऑथेल्लो ढासळतो. एकटा असताना तो मनाशी कारणे मोजू लागतो: मी काळा आहे, मला दरबारी लोकांसारखे गोड बोलता येत नाही, माझे वयही झाले. ब्रबान्शिओने भरसभेत जे म्हटले, तेच आता ऑथेल्लो स्वतःविषयी म्हणत असतो.

माझ्या कन्येच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. ऑथेल्लो मूर्ख नव्हता. वर्षानुवर्षे ज्या समाजाने त्याला सेनापती मानले आणि बरोबरीचा माणूस मानले नाही, त्या समाजाची नजर त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत शिरली होती. आपल्यावर कोणी निखळ प्रेम करू शकेल, यावर त्याचा आतून विश्वासच नव्हता. इयागोने फक्त त्या अविश्वासाला एक नाव आणि एक चेहरा पुरविला.

इयागोचेही तेच दुखणे. वरच्याचे यश त्याला सलते आणि सेनापती परका म्हणून त्याचा तिरस्कारही वाटतो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेची चिकित्सा करताना दाखवून दिले की उतरंडीतील प्रत्येक पायरीवरचा माणूस वर पाहून जळतो आणि खाली पाहून तुच्छतेने हसतो, म्हणून अन्याय सोसणारे एकत्र येत नाहीत. व्हेनिसच्या सैन्यात जाती नव्हत्या, पण उतरंड होती. मत्सराला वाढावयास तेवढी जमीन पुरते.

रुमाल आणि तसबीर

आता त्या रुमालाविषयी. ऑथेल्लोने पत्नीला दिलेली ती पहिली भेट. मूळ इटालियन कथेत खलनायक स्वतःच तो रुमाल चोरतो. त्याच्या लहान मुलीला डेस्डिमोनाने कडेवर घेतलेले असताना तो हातचलाखीने काढून घेतो. शेक्सपिअरने हा तपशील बदलला. त्याच्या नाटकात ऑथेल्लोचे डोके दुखत असते, डेस्डिमोना तो रुमाल त्याच्या कपाळाला बांधू पाहते आणि तो स्वतःच तिचा हात दूर सारतो. रुमाल खाली पडतो. म्हणजे पुढे ज्या रुमालाचा पुरावा म्हणून तो आग्रह धरतो, तो त्याच्याच हाताने पडलेला असतो! इयागोची पत्नी एमिलिया तो उचलून नवऱ्याला देते. आणि रुमाल कोठे आहे असे ऑथेल्लो दरडावून विचारतो तेव्हा घाबरलेली डेस्डिमोना, तो हरवलेला नाही, असे खोटे बोलते. एमिलिया तेथेच असते, आणि गप्प राहते. तिघांच्या तीन लहानशा चुका.

आपल्या मराठी रंगभूमीचा या नाटकाशी जुना संबंध आहे. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी केलेले ‘ऑथेल्लो’चे भाषांतर १८६७ साली प्रसिद्ध झाले. पुढे १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवल यांनी याच नाटकाचे ‘झुंझारराव’ हे रूपांतर रंगभूमीवर आणले. आणि याच देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ हे नाटक १९१६ सालचे. त्याचे मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरच्या एका प्रहसनात आहे. तेथे रुमालाच्या जागी एक तसबीर आहे. ती भलत्याच्या हाती पडते, नवरा बायकोवर संशय घेतो, बायको नवऱ्यावर घेते, प्रियकर प्रेयसीवर घेतो, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात.

एकाच लेखणीने हाताळलेली ही दोन नाटके. दोहोंतही एक क्षुल्लक वस्तू, दोहोंतही संशय. मग एकात हसू का आणि दुसऱ्यात रक्तपात का? मला वाटते, ‘संशयकल्लोळ’मधील माणसे भांडतात, ओरडतात, पण शेवटी समोरासमोर येतात आणि तसबिरीचा उलगडा होतो. ऑथेल्लो समोर येतच नाही. तो आडून ऐकतो. कॅशिओ दुसऱ्याच एका स्त्रीविषयी हसत बोलत असतो, ते डेस्डिमोनाविषयीच आहे असे लांबून पाहून समजतो. एमिलियाला तो विचारतो खरे, पण तिने डेस्डिमोनाच्या निष्कलंकतेची ग्वाही दिली तरी तो ती मानीत नाही. डेस्डिमोनासमोर कॅशिओचे नाव घेऊन तो स्पष्ट आरोप करतो तो तिच्या मृत्यूच्या रात्री. ती म्हणते, त्याला बोलावून विचारा. पण त्याच्या मते कॅशिओ तोपर्यंत मारला गेलेला असतो. निकाल लागल्यानंतर विचारलेला तो प्रश्न. आणि कॅशिओ जखमी होऊन का होईना, जिवंत समोर येतो तेव्हा रुमाल तुझ्याकडे कसा आला, हा साधा प्रश्न ऑथेल्लो त्याला प्रथमच विचारतो. उत्तर एका वाक्यात मिळते. तोवर डेस्डिमोना मृत झालेली असते.

वैद्यकाची साक्ष

डॉक्टर म्हणून येथे दोन शब्द बोलणे मला आवश्यक वाटते. जॉन टॉड आणि केनेथ ड्यूहर्स्ट या मनोविकारतज्ज्ञांनी १९५५ साली एका विकाराला ‘ऑथेल्लो सिंड्रोम’ असे नाव दिले. जोडीदार आपल्याशी एकनिष्ठ नाही असा निराधार, पण कोणत्याही पुराव्याने न हटणारा भ्रम, हे त्याचे लक्षण. दीर्घकालीन मद्यपान, स्मृतिभ्रंश, मेंदूचे काही आजार, क्वचित पार्किन्सनच्या काही औषधांचा परिणाम, यांत तो आढळतो. हा रोग जीवघेणा ठरू शकतो, आणि जीव बहुधा जोडीदाराचा जातो. घरात कोणी पत्नीचे खिसे, पाकीट, टेलिफोन तपासू लागला, तिच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवू लागला, तर त्याला ‘फार प्रेम आहे म्हणून’ असे म्हणून पांघरूण घालू नका. डॉक्टरांना सांगा आणि त्या स्त्रीच्या सुरक्षिततेची व्यवस्था आधी करा.

मात्र या विकाराला ऑथेल्लोचे नाव देणे मला तितकेसे न्याय्य वाटत नाही. त्याचा भ्रम आपोआप उगवलेला नव्हता. तो कोणीतरी पेरला आणि एका विशिष्ट अपमानाच्या जमिनीत रुजला. परंतु माझ्या भगिनींसमोर हेही स्पष्ट सांगतो की ऑथेल्लोला समजून घेणे म्हणजे त्याला क्षमा करणे नव्हे. त्याने चारचौघांत पत्नीच्या थोबाडीत मारली आणि अखेर तिचा जीव घेतला. बाहेर सोसलेल्या अपमानाची भरपाई घरातल्या स्त्रीकडून वसूल करण्याचा अधिकार कोणाही पीडिताला नाही.

नाटकात अखेर सत्य कोण बोलते? एमिलिया. नवरा तलवार उपसून गप्प बसण्यास सांगतो, तरी ती बोलते आणि त्याच्याच हातून मरते. तिने आदल्या दिवशी तोंड उघडले असते तर, हा विचार मला अस्वस्थ करतो.

भूमिका करणारे

या नाटकावर एक आक्षेप असा की कृष्णवर्णीय माणूस मुळातच रागीट आणि मत्सरी असतो, या समजाला ते खतपाणी घालते. आक्षेप पोकळ नाही. ही भूमिका शतकानुशतके गोरे नट तोंडाला काजळी फासून करीत आले. मार्च १८३३ मध्ये प्रसिद्ध नट एडमंड कीन हा लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात ही भूमिका करताना कोसळला. त्याच्या जागी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कहून आलेला कृष्णवर्णीय नट आयरा आल्ड्रिज उभा राहिला. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संमत झाला. पण त्याआधी काही वृत्तपत्रांनी, गोऱ्या नटीला या माणसाने स्पर्श कसा करावा, असा ओरडा केला. दोन प्रयोगांनंतर आल्ड्रिजला तेथून जावे लागले. तो युरोपभर गाजला.

पॉल रोबसनची कथा आपल्याला अधिक जवळची. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथूनच रोबसनने १९२३ मध्ये कायद्याची पदवी घेतली. त्याचा बाप गुलामगिरीतून पळून सुटलेला. रोबसनने १९३० मध्ये लंडनला ऑथेल्लो केला, १९४३ पासून न्यूयॉर्कला त्याचे २९६ प्रयोग झाले, आणि दौऱ्यावर असताना प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळे बसविणाऱ्या नाट्यगृहांत त्याने पाऊल ठेवले नाही. १९५० मध्ये अमेरिकी सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. तो १९५८ मध्ये परत मिळाल्यावर १९५९ साली तो स्ट्रॅटफर्डला पुन्हा ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. ह्यू क्वार्शी या कृष्णवर्णीय नटाने १९९८ मध्ये, ही भूमिका आपण करावीच का, असा प्रश्न जाहीरपणे केला होता. २०१५ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या प्रयोगात त्यानेच ती केली. त्यात इयागोही लुसियन म्सामाटी हा कृष्णवर्णीय नट होता. घात करणारा नेहमी परक्या रंगाचाच असतो असे नाही, हे त्या प्रयोगाने दाखविले.

माझी गोष्ट

आता ती जखम. मी इंग्लंडात नवा होतो. आमच्याच वैद्यकीय महाविद्यालयातील एक वर्गमित्र त्याच रुग्णालयात होता. तो आपल्या समाजातील नव्हता, पण वसतिगृहात आमची ताटे एकत्र होती, आणि येथेही आम्ही एका खोलीत राहत होतो. प्रशिक्षणाच्या एका जागेसाठी दोघांनी अर्ज केला. जागा त्याला मिळाली. काही दिवसांनी एक सहकारी चहा पिताना म्हणाला, “तुझा मित्र तुझ्याविषयी साहेबांना काय सांगून आला, ठाऊक आहे का?” आणि मग, “जाऊ दे, मला मध्ये पडायचे नाही.” मी खोदून विचारल्यावर तो म्हणाला, “राखीव जागेवरून डॉक्टर झालेला आहे, एवढेच म्हणाला म्हणे.”

मित्रहो, मी त्या मित्राला एका शब्दानेही विचारले नाही. खोली बदलली. बोलणे बंद केले. त्याने दोनदा पत्र पाठविले. मी ती फोडली नाहीत. ज्या बोलण्याची भीती मी महाविद्यालयात पाऊल ठेवल्या दिवसापासून बाळगून होतो, ते शब्द कोणीतरी उच्चारले होते, आणि मला त्यांची शहानिशा करावीशी वाटली नाही. माझे ठरलेलेच होते. अकरा वर्षांनी ते वरिष्ठ डॉक्टर निवृत्त होताना सहज म्हणाले की तुझा तो मित्र मुलाखतीनंतर माझ्याकडे आला होता आणि पुढची जागा तुलाच द्यावी म्हणून आग्रह करून गेला होता. मी रात्री त्याचा नंबर शोधून फोन केला. सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तू मला विचारले का नाहीस?” आम्ही आज बोलतो, पण ती अकरा वर्षे परत आली नाहीत.

भेदभाव खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो खरा असतो, आणि मी तो इतर प्रसंगी पुरता भोगला आहे. नेमके म्हणूनच त्याच्या नावाने कोणी कानाशी लागला की आपला विश्वास चटकन बसतो.

समारोप

आपल्या धम्मपरंपरेत वस्सकाराची कथा आहे. एकजुटीने वागणाऱ्या वज्जींना जिंकता येत नाही हे पाहून अजातशत्रूचा हा मंत्री राजाशी भांडल्याचे सोंग करून त्यांच्यात जाऊन राहिला. अट्ठकथेत सांगितले आहे की तो एखाद्या लिच्छवीला बाजूला घेई आणि ‘आज कोणती भाजी खाल्ली?’ असले काही विचारी. इतर विचारीत, मंत्र्याने काय सांगितले? तो खरे ते सांगे. पण कोणाचा विश्वास बसेना. तीन वर्षांत दोघे एका वाटेने चालेनासे झाले, आणि वैशाली पडली. तेथेही घात करणाऱ्याला मोठे हत्यार लागले नाही.

परदेशातील आपल्या संस्था लहान असतात. कोणाला व्यासपीठावर बसविले, कोणाचे नाव पत्रिकेत राहिले, एवढ्यावरून दोन कुटुंबांची मुले एकमेकांना भेटेनाशी झालेली आपण पाहिली आहेत. माझी आपणांस नम्र विनंती एवढीच, की पुढच्या वेळी कोणी अर्धे वाक्य बोलून ‘जाऊ दे’ म्हणाला, तर ज्याच्याविषयी ते वाक्य आहे त्याला त्याच संध्याकाळी फोन करा. तो कदाचित दोषी निघेल. निदान ते त्याच्या तोंडून कळेल.

माझ्या कन्येने हे भाषण आधी वाचले. ती म्हणाली, “बाबा, त्या सहकाऱ्याला तरी तुम्ही विचारलेत का, तो असे का म्हणाला?” विचारले नाही. तेवढे अजून राहिले आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!